खाडीच्या गाळातला जीवाणू नवा निघाला तर: नावाची अधिकृत नोंद कशी होते

नवी प्रजाती जाहीर करायला पदवीची अट नाही. अट आहे ती प्रयोगशाळेत वाढणाऱ्या, शुद्ध, जिवंत कल्चरची, म्हणजे फक्त त्याच जीवाणूच्या वाढीची. जीवाणू वाढतच नसेल, तर 'कँडिडेटस' हे तात्पुरतं नाव किंवा 2022 पासूनची, जनुकसंचावर (जीवाणूच्या संपूर्ण डीएनएवर) आधारलेली 'सीक्वकोड' ही नामकरणाची नियमावली, हे मार्ग आहेत.

गाळ कुठून उचलता याची कागदपत्रं आधीच करा. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

पुरावा म्हणून पहिल्यांदा 16एस या, जीवाणूंची ओळख पटवायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रम काढतात. जवळच्या प्रजातीशी साम्य 98.7 टक्क्यांहून कमी असेल, तर नवेपणाची शक्यता भक्कम. त्याहून जास्त असेल तर पूर्ण जनुकसंचाची तुलना करावीच लागते: एएनआय (दोन जनुकसंचांमधलं सरासरी साम्य) साधारण 95-96 टक्क्यांखाली आणि डिजिटल डीएनए संकरण (संगणकावर काढलेलं डीएनए-साम्य) 70 टक्क्यांखाली हवं. शिवाय पेशीतली मेदाम्लं आणि क्विनोन ही रसायनं, आणि वाढीसाठी मीठ-तापमान-सामू यांच्या मर्यादाही तपासतात. खाडीत भरती-ओहोटीबरोबर खारटपणा बदलतो, म्हणून मिठाची चाचणी जरा बारकाईने करा. जवळच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेनही (प्रजातीचे अधिकृत नमुना-वाण) त्याच माध्यमावर, शेजारी वाढवा. दुसऱ्याच्या लेखातले आकडे उचलले तर तुलनेला अर्थ उरत नाही.

खरी अडचण येते ती कल्चर जमा करताना. टाइप स्ट्रेन किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (जीवाणू जतन करणाऱ्या भांडारांत) ठेवावा लागतो. एक आपल्याकडे, म्हणजे पुण्याचं एनसीएमआर (पूर्वीचं एमसीसी) किंवा चंदीगडचं एमटीसीसी. दुसरं जर्मनीचं डीएसएमझेड किंवा जपानचं जेसीएम. दोघांकडून जमा झाल्याचं आणि स्ट्रेन कुणालाही निर्बंधाविना मिळेल याचं प्रमाणपत्र घ्या. केवळ पेटंटसाठी ठेवलेला स्ट्रेन चालत नाही. परदेशी पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचं बघा. जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नियुक्त भांडारात देणंही बंधनकारक आहे. माझा आग्रह असा की ही धावपळ लेख लिहून झाल्यावर नको, जनुकसंच हाती येताच सुरू करा. नाव ठरतं, लेख तयार असतो आणि एका प्रमाणपत्रासाठी सगळं अडून बसतं, हे फार जीवाला लागतं.

नाव लॅटिन व्याकरणाने घडवावं आणि त्याची व्युत्पत्ती द्यावी. ठिकाणावरून ठेवलं तर शेवटी बहुधा '-एन्सिस' येतं. स्वतःचं नाव देऊ नये.

वर्णन आयजेएसईएम या नियतकालिकात छापून आलं की नाव वैध. लेख दुसरीकडे छापला असेल, तर त्याची प्रत आणि दोन्ही प्रमाणपत्रं आयजेएसईएमकडे पाठवावी लागतात. तिथल्या व्हॅलिडेशन लिस्टमध्ये आल्यावरच नाव वैध धरतात, आणि अग्रक्रमाची तारीखही तिथूनच मोजली जाते.