प्रेसची पेन्शन आणि कंपनीची पेन्शन

नाशिकरोडला कुणी ‘मी प्रेसमध्ये होतो’ म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. सिक्युरिटी प्रेस असो की १९२८ पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस, तिथल्या जुन्या कामगाराला सरकारी पेन्शन आहे, तिला महागाई भत्ता जोडलेला आहे आणि त्याच्या माघारी बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. सातपूर-अंबडच्या कंपनीतून सुटलेल्या माणसाला मात्र शेजारी हळूच विचारतात, ‘काही मिळतं का हो?’

आमच्या घरात दोन्ही आहे. वडील प्रेसमध्ये, काका सातपूरला. काकांची पहिली कंपनी बंद पडली, तेव्हा घर चालवायला त्यांनी फंड काढून घेतला आणि १९९५ च्या अखेरीस, चाळिशीत, दुसरीकडे नव्याने सुरुवात केली. २०१३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शनचा हिशोब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, तेव्हाची मर्यादा ६,५०० रुपये. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. तो आकडा आजही पासबुकात तसाच आहे, कारण या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. हयातीच्या दाखल्यासाठी गेल्या वर्षी त्यांना बँकेत घेऊन गेलो होतो. आयुष्य लेथवर गेलेलं, अंगठ्याच्या रेषा मशीनला सापडेनात. रुमालाने पुसून, तोंडाची वाफ देऊन चौथ्यांदा ठसा उमटला. वडिलांचा पहिल्याच फटक्यात उमटला होता.

एकाच घरातल्या दोन भावांत एवढा फरक का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मराठी माणसाच्या आठवणीतली सगळ्यात मोठी पेन्शन दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपये बांधून बिठूरला पाठवलं. १८५१ मध्ये तो वारला आणि कंपनी सरकारने नानासाहेबांना ती रक्कम नाकारली. देणाऱ्याची मर्जी संपली की देणं संपलं. पुढे १८७१ च्या पेन्शन कायद्यातही हाच भाव आहे: पेन्शनच्या दाव्यासाठी दिवाणी कोर्टात जायची वाट त्या कायद्याने बंद केली. पेन्शन ही बक्षिसी नाही, केलेल्या नोकरीतून आलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या खटल्यात ठामपणे सांगितलं ते १७ डिसेंबर १९८२ रोजी. पेन्शनर मंडळी दरवर्षी हा दिवस पाळतात, आणि पाळायलाच हवा.

पण हक्क मिळाला तरी पैसा बाजूला ठेवलेला नव्हता. सरकारी पेन्शन त्या-त्या वर्षीच्या तिजोरीतून जाते, कामगाराच्या नावाने आधी साठवलेली नसते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस होतं, आज सत्तरच्या घरात आहे. माणसं जास्त जगू लागली ही आनंदाचीच गोष्ट, पण पेन्शनची वर्षं वाढली आणि दर वेतन आयोगाबरोबर रक्कमही वाढली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राने नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन बंद केली, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून. नव्या योजनेत कर्मचारी आणि सरकार दोघं पैसे भरतात, ते बाजारात गुंतवले जातात आणि शेवटी जे साठेल त्यावर पेन्शन. जोखीम सरकारच्या खांद्यावरून गुरुजींच्या खांद्यावर गेली.

कंपनीच्या कामगाराच्या खांद्यावर ती आधीपासूनच होती. त्याला १९५२ च्या कायद्याने फंड मिळाला, १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून ‘ईपीएस ९५’ ही कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, केंद्र १.१६ टक्के घालतं. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० झाली आणि किमान पेन्शन १,०००. म्हणजे पस्तीस वर्षं राबून, नव्या मर्यादेने पूर्ण हिशोब धरला, तरी सूत्राने ७,५०० रुपये. सिन्नरच्या बिडी कामगार बायकांना तर त्या हजाराचाच आधार. सत्तर लाखांहून जास्त पेन्शनर या योजनेत आहेत. त्यांची मागणी आहे ती किमान ७,५०० आणि वर महागाई भत्ता. माझ्या मते ही मागणी अवाजवी नाही. मर्यादा वर्षानुवर्षं गोठवून ठेवली की जमाही तुटपुंजी आणि पेन्शनही तुटपुंजी, मग ‘फंडात पैसा नाही’ हे उत्तर तयारच असतं.

सरकारी नोकरांचा आवाज मोठा, म्हणून त्यांचं लवकर ऐकलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगितलं. महिनाभरात नाशिक पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांत हाच विषय तापला. १४ मार्च २०२३ ला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले. सात दिवस शाळा, कचेऱ्या, सरकारी दवाखाने विस्कळीत झाले. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल जुन्या योजनेकडे वळले होते. रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासाने त्याच वर्षी इशारा दिला की सगळी राज्यं परत फिरली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाईल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मधला मार्ग काढला: पंचवीस वर्षं नोकरी असेल तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन हमखास, कर्मचाऱ्याचे दहा टक्के कायम, सरकारचा वाटा साडेअठरा. दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती योजना स्वीकारली.

जुनी पेन्शन बंद झाली म्हणजे तिचा खर्च संपला, असं अनेकांना वाटतं. ऑक्टोबर २००५ मध्ये बाविसाव्या वर्षी लागलेली एखादी प्राथमिक शिक्षिका धरा. ती २०४१ मध्ये निवृत्त होईल, ऐंशीपर्यंत जगली तर २०६३ पर्यंत पेन्शन घेईल, त्यानंतर नवऱ्याला कुटुंब निवृत्तिवेतन. त्याच काळात नव्या योजनेतल्या तिच्या मैत्रिणीच्या खात्यात सरकारला दरमहा आपला वाटा भरायचा आहे. दोन्ही रकमा राज्याच्या एकाच तिजोरीतून जाणार, आणि काकांच्या १,६७१ मध्ये भर घालायची वेळ येईल तेव्हा केंद्रही आपली अशीच तिजोरी दाखवणार.