राधानगर: सात नंबरच्या किनाऱ्याची जुनी-नवी नावं

डिसेंबरात राधानगरला सूर्य पाचच्या सुमारास बुडतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. अंदमान देशाच्या पार पूर्वेला असलं तरी घड्याळ आपलंच चालतं. त्यामुळे दुपारचं जेवण आटोपून निवांत निघालेले लोक पोहोचेपर्यंत अंधार पडायला लागतो. जेट्टीपासून किनारा सुमारे बारा किलोमीटरवर आहे. रस्ता सुपारीच्या बागांतून आणि भातखाचरांतून जातो, मग समुद्री महुआची उंच झाडं लागतात आणि त्यांच्या सावलीतून एकदम पांढरी, पिठासारखी बारीक वाळू समोर येते. मला हा किनारा फार प्रिय आहे. म्हणूनच त्याच्या बेटाला ‘हॅवलॉक’ म्हणताना जीभ अडखळते.

हेन्री हॅवलॉक हा कंपनीच्या फौजेचं नेतृत्व करणारा ब्रिटिश सेनापती. जुलै 1857 मध्ये त्याने कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर ब्रिटिश फौजेने बिठूरचा पेशव्यांचा वाडा उद्ध्वस्त केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो लखनौला आजारपणाने वारला. शेजारच्या नील बेटाचं नाव जेम्स नीलचं. अलाहाबाद आणि कानपूरला त्याने केलेल्या कत्तली आणि फाशा कुप्रसिद्ध आहेत. आउट्रम, निकल्सन, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स अशी आजूबाजूच्या बेटांची नावंही त्याच युद्धातली. उठाव मोडणाऱ्यांची नावं बेटांना मिळाली आणि उठावातले कैदी मार्च 1858 पासून याच द्वीपसमूहात काळ्या पाण्यावर आणले गेले. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहून डोळे पुसणारा मराठी प्रवासी दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला जातो, तेव्हा कानपूरचा हा धागा त्याला सहसा कुणी सांगत नाही. तो सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ही बेटं तेव्हा निर्मनुष्य नव्हती. ग्रेट अंदमानी समूहातले अका-बाले लोक इथे राहत. इंग्रजांच्या वसाहतीबरोबर गोवर, उपदंश असे आजार आले. 1877 च्या गोवराच्या साथीने ग्रेट अंदमानींमध्ये हाहाकार उडवला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अका-बाले ही जमातच उरली नाही.

आजचं गाव वसलं ते फाळणीनंतर. पूर्व बंगालातून उखडलेल्या हिंदू कुटुंबांना सरकारने अंदमानात जमिनी दिल्या आणि 1950 च्या दशकात त्यातली काही कुटुंबं या बेटावर आली. समोर होतं घनदाट जंगल. ते तोडून भाताची शेतं करायची होती. आपलं घरदार, नदी, तळं मागे ठेवून आलेल्या या माणसांनी गावांना नावं दिली ती आपल्या देवाची: गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. एका परक्या सेनापतीच्या बेटावर अख्खं वृंदावन मांडलं! आजही तिथल्या खानावळीत माशाचं कालवण मोहरीच्या वासाचं असतं आणि चहा देणारी काकू बंगालीच बोलते.

लाकूडतोडीसाठी हत्तीही आणले गेले होते. ओंडके ओढायला ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चक्क पोहत जात. त्यांच्यापैकी राजन नावाचा हत्ती या किनाऱ्यावर राहिला. समुद्रात पोहणारा हत्ती म्हणून त्याची छायाचित्रं जगभर पोहोचली. 2016 मध्ये तो गेला. लाकूडतोडीवर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक निर्बंध घातले. किनाऱ्यामागची झाडं आज उभी दिसतात त्यात या निर्बंधांचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

प्रसिद्धी आली ती 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकाने राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटल्यावर. वर्षअखेरीस त्सुनामी आली, तरी पर्यटकांचा ओघ पुन्हा सुरू झाला. 2020 मध्ये स्वच्छता आणि सुरक्षिततेसाठीचं ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं.

30 डिसेंबर 2018 ला हॅवलॉक झालं ‘स्वराज द्वीप’ आणि नील झालं ‘शहीद द्वीप’. बरोबर पंचाहत्तर वर्षांपूर्वी, 30 डिसेंबर 1943 ला, जपान्यांच्या ताब्यातल्या पोर्ट ब्लेअरमध्ये नेताजींनी तिरंगा फडकवला होता. ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावं त्यांचीच. मात्र त्यांनी अंदमानला शहीद म्हटलं होतं आणि निकोबारला स्वराज.

बोटीच्या तिकिटावर आता नवं नाव असतं. जेट्टीवरच्या रिक्षावाल्याला मात्र एवढंच सांगावं लागतं: “सात नंबर.” तो लगेच रिक्षा सुरू करतो.