जकार्ताची जमीन खचली कशी?

नोव्हेंबर 2007 मध्ये उत्तर जकार्तात पूर आला तो भरतीचा. चंद्राच्या 18.6 वर्षांच्या आवर्तनामुळे त्या काळात भरतीचे पाणी नेहमीपेक्षा वर चढत होते. त्याने काठचे बांध ओलांडले आणि विमानतळाकडे जाणारा महामार्ग पाण्याखाली घातला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पावसाच्या पुराने निम्म्याहून बरेच अधिक शहर बुडवले होते. तो पूर ओळखीचा होता, नोव्हेंबरचा नव्हता. समुद्र वाढतोय, हे त्याचे सोपे उत्तर झाले; पण जगातल्या समुद्रांची पातळी वर्षाला सरासरी 3 ते 4 मिलिमीटर वाढते आणि उत्तर जकार्ताच्या काही वस्त्यांतली जमीन त्या काळात वर्षाला 10 सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त खचत होती. म्हणजे समुद्र चढण्याच्या किमान पंचवीसपट वेगाने जमीन खाली जात होती.

शहराची जागा मुळातच सखल. 1619 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने जयकर्ता जिंकून तिथे बटाव्हिया वसवले ते चिलिवुंग नदीच्या मुखाशी, दलदलीत. हॉलंडच्या धर्तीवर कालवे खणले. पण डोंगरातून येणाऱ्या नद्यांचा गाळ आणि उष्ण प्रदेशातला पाऊस यांचा हिशेब त्या नकाशात नव्हता. कालवे गाळाने भरले, पाणी तुंबले आणि अठराव्या शतकात हिवतापाने शहराची रया गेली. 1808 नंतर गव्हर्नर-जनरल डेंडल्सने कारभार दक्षिणेकडच्या उंच जमिनीवर नेला. राजधानी हलवून प्रश्न सोडवण्याचा जकार्तातला हा पहिला प्रयोग. 1918 च्या मोठ्या पुरानंतर अभियंता व्हॅन ब्रीनच्या आराखड्यानुसार पश्चिम पूर-कालवा झाला. मांगराई इथल्या दरवाजांपाशी चिलिवुंगचे पाणी वळवायचे आणि शहराला वळसा घालून समुद्रात सोडायचे, अशी ती योजना. 1973 च्या आराखड्यातला पूर्व पूर-कालवा प्रत्यक्षात खणायला 2003 उजाडले. या सगळ्या कामांत एक गोष्ट गृहीत होती: समुद्र खाली आणि शहर वर.

हे गृहीतक मोडले ते नळाच्या पाण्यावाचून. 1950 च्या सुमारास जकार्ताची लोकसंख्या वीस लाखांच्या आत होती, आज ती एक कोटीच्या वर आहे. शहरातून 13 नद्या वाहतात, पण त्या इतक्या घाण झाल्या की कच्च्या पाण्याचा मोठा वाटा दूरच्या जातिलुहूर धरणातून कालव्याने आणावा लागतो. नळजोडणी शहराच्या सुमारे दोन तृतीयांश भागापलीकडे जाईना. 1998 पासून 25 वर्षे पाणीपुरवठा दोन खासगी कंपन्यांकडे होता, तो करार 2023 च्या सुरुवातीला संपला. त्या काळातही हे चित्र फारसे बदलले नाही. मग घरांनी उथळ विहिरी खणल्या आणि हॉटेले, कारखाने, मॉल यांनी खोल बोअर मारले.

इथे उथळ आणि खोल यांत फरक करायला हवा. जकार्ताखाली साधारण 40 मीटरपर्यंतचा थर खुला असतो आणि पावसाने भरतो. त्याखाली 40 ते 140 आणि 140 ते 250 मीटर असे दोन बंदिस्त जलधर आहेत: वाळूच्या थरांत पाणी, मध्ये चिकणमातीचे जाड पट्टे. वाळूतले पाणी उपसले की तिथला दाब घटतो आणि चिकणमातीतले पाणी हळूहळू वाळूकडे झिरपते. तोपर्यंत वरच्या जमिनीचा भार थोडा मातीच्या कणांवर आणि थोडा त्या पाण्यावर तोललेला असतो. पाणी निघाले की सगळा भार कणांवर येतो, कण दाटतात आणि वरची जमीन बसते. पिळलेले फडके पुन्हा भिजवले तर फुगते, ही माती फुगत नाही. वाळूचा थर थोडासा सावरतो, चिकणमातीचे नुकसान जवळपास कायमचे. शिवाय ती पाणी सोडते अगदी सावकाश, त्यामुळे उपसा थांबला तरी खचणे काही वर्षे चालूच राहते. उंच इमारतींचे वजन आणि किनाऱ्यावरचा कोवळा गाळ आपोआप बसणे यांचाही वाटा आहे, पण मोठा दोष उपशाचाच.

परिणाम सगळीकडे सारखा नसतो, आणि नासधूस होते ती त्यामुळेच. खोल खांबांवरची इमारत जागेवर राहते, भोवतालची जमीन बसते. पायरीपाशी फट पडते, जलवाहिन्या सांध्यांत तुटतात. गटारांचा उतार मोडतो. नदीचे मुख समुद्राच्या पातळीवर आणि मागचे शहर त्याखाली, अशी स्थिती आली की पाणी आपणहून वाहत नाही. मग बांध घालून आतले पाणी तलावात गोळा करायचे आणि पंपाने बाहेर फेकायचे. सुमारे 80 हेक्टरांचा प्लुइट तलाव हे काम करतो. जानेवारी 2013 मध्ये पूर-कालव्याचा बांध फुटला आणि प्लुइटचे पंपच पाण्यात गेले. पंपावर जगणाऱ्या शहरात वीज, डिझेल आणि मोटारीची उंची या पुराच्याच बाबी होतात.

समुद्रभिंतीचेही तेच. वर्षाला 10 सेंटिमीटर खचणाऱ्या जागी भिंत एक मीटरने वाढवली, तर ती वाढ दहा वर्षांत संपते, कारण भिंतही जमिनीबरोबर खाली जाते. उत्तर जकार्तातल्या मुआरा बारूत भिंतीपलीकडे अर्धी बुडालेली सोडून दिलेली मशीद दिसते. 2014 मध्ये उपसागरात गरुडाच्या आकाराच्या महाभिंतीची योजना पुढे आली. आकार देखणा होता. पण उपसा चालू ठेवून बांधलेली भिंत म्हणजे हप्ता भरत राहण्याची तयारी, हे अभियंते तेव्हाही सांगत होते.

उपसा थांबवता येतो, याचा दाखला टोक्योत आहे. 1923 च्या भूकंपानंतर मोजणी झाली तेव्हा कोतो भागातली जमीन खाली गेल्याचे दिसले आणि दोष आधी भूकंपावर आला. दुसऱ्या महायुद्धात कारखाने जळाले, पंप बंद पडले आणि खचणे जवळपास थांबले. खचण्याचे कारण यापेक्षा स्पष्ट सिद्ध होणे कठीण. तरी युद्धानंतर उपसा पुन्हा वाढला आणि साठच्या दशकात काही ठिकाणी जमीन वर्षाला 20 सेंटिमीटरहून अधिक बसू लागली. 1956 चा औद्योगिक पाण्याचा कायदा आणि 1962 चा इमारतींच्या पाण्याचा कायदा यांनी विहिरींवर बंधने आणली, पण कळीचा भाग वेगळा होता: 1964 पासून कोतो भागातल्या कारखान्यांना नळाने औद्योगिक पाणी मिळू लागले. 1972 मध्ये खाऱ्या भूजलात विरघळलेला नैसर्गिक वायू काढण्यासाठी होणारा त्या पाण्याचा उपसाही बंद केला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस खचणे थांबत आले. तोवर कोतोत काही जागी जमीन सुमारे साडेचार मीटर खाली गेली होती, ती परत आली नाही. भूजल मात्र इतके वर आले की उएनोच्या भूमिगत स्थानकाला ते वर उचलू नये म्हणून वजने आणि नांगर लावावे लागले.

मुंबईकरांना हे परके वाटते ते दोन कारणांनी. आपल्या शहराखाली बहुतांशी बेसाल्ट आहे, आणि 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी आल्यापासून तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी दूरच्या तलावांची परंपरा चालू आहे. भरणीची जमीन आपल्याच वजनाने बसते, ते वेगळे. 26 जुलै 2005 चा पूर सांताक्रूझला दिवसभरात पडलेल्या 944 मिलिमीटर पावसाचा, अपुऱ्या नाल्यांचा आणि भरतीचा होता, खचण्याचा नव्हता. जकार्ताचे उपाय मुंबईला जसेच्या तसे लावण्यात म्हणूनच अर्थ नाही.

जकार्तात 2018 मध्ये मध्यवर्ती थामरिन रस्त्यावरच्या 80 इमारती तपासल्या, तेव्हा 56 इमारतींकडे स्वतःचे भूजल पंप निघाले आणि 33 इमारती बेकायदा उपसा करत होत्या. पुढच्याच वर्षी राजधानी बोर्निओत हलवण्याची घोषणा झाली. 2021 च्या गव्हर्नरी नियमाने ठरावीक पट्ट्यांत मोठ्या इमारतींना भूजल बंद केले आणि ऑगस्ट 2023 पासून तो अमलात आला. मर्यादा 5,000 चौरस मीटर क्षेत्रफळाची किंवा आठ मजल्यांची, आणि पट्टे निवडले ते नळाचे पाणी पोहोचलेले. छोट्या घरांच्या विहिरी त्यातून सुटल्या, आणि नळाशिवाय त्या बंद करणे शक्यही नव्हते.

बंदीचा परिणाम पूर आला की नाही यावरून कळत नाही. त्यासाठी दोन नोंदी सलग हव्यात: बंदिस्त जलधरातली पाण्याची पातळी, आणि प्रत्येक थर किती दबला याचे माप. दुसऱ्यासाठी विहिरीत बाहेरच्या नळीतून एक लोखंडी नळी खोल, पक्क्या थरापर्यंत उतरवतात आणि तिच्या तुलनेत जमीन किती सरकली ते वर वाचतात. टोक्योत अशा विहिरी कित्येक दशके वाचल्या जात आहेत. पातळी चढत असूनही थर दबत राहिले, तर चिकणमाती अजून जुन्या उपशाचे पाणी सोडते आहे असे समजायचे. पातळी घसरत असेल आणि थरही दबत असतील, तर कुठेतरी उपसा अजून चालू आहे.