ढगाची वेळ चुकली तर

श्रावणातली सकाळ, साडेअकराचा सुमार. धुळे जिल्ह्यातला ५० मेगावॉटचा एक सौर प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ४० मेगावॉटचा आकडा आहे. एक ढग पॅनेलांवर सरकतो आणि बघता बघता आकडा १८ वर येतो. ढग पुढे गेला की ४२. ढगाच्या कडेवरून विखुरलेला जास्तीचा प्रकाशही पॅनेलांवर पडतो, म्हणून आधीपेक्षा थोडा अधिकच.

वीज यंत्रणेला हे आधी कळायला हवं. आपल्याकडे दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडलेले आहेत आणि कुठल्या ब्लॉकमध्ये किती वीज देणार, याचं शेड्यूल प्रकल्पाला आधीच द्यावं लागतं. चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की पैसे भरा. महाराष्ट्रात याचे नियम २०१८ साली आले.

पुढच्या पाव तासाच्या अंदाजासाठी आकाशाकडे रोखलेला कॅमेरा पुरतो. तीन-चार तासांसाठी इन्सॅट-३डीआरसारख्या उपग्रहाची छायाचित्रं घेतात. लागोपाठच्या दोन चित्रांत ढग किती सरकला ते मोजायचं आणि तोच वेग पुढे धरायचा. पण ढग वाटेतच विरतात, नवे उभे राहतात. त्यामुळे उद्याच्या अंदाजासाठी हवामानाची संगणकीय प्रारूपंच लागतात. त्यांच्या नेहमीच्या चुका जुन्या नोंदींवरून शिकून सुधारायचं काम आता मशीन लर्निंग करतं.

खरी गंमत अंदाज तपासण्यात आहे. ‘आमचा अंदाज ९५ टक्के अचूक’ असं कुणी म्हटलं, तर मी आधी विचारेन, रात्र धरली आहे का? रात्री निर्मिती शून्य आणि अंदाजही शून्य. हे निम्मे ब्लॉक सरासरीत घेतले की चूक आपोआप अर्धी दिसते. दुसरा प्रश्न, भागलं कशाने? शेड्यूल ४० चं आणि वीज आली ३४, तर प्रकल्पाच्या क्षमतेने भागून चूक १२ टक्के, प्रत्यक्ष निर्मितीने भागून जवळजवळ १८. सूर्य नुकताच उगवल्यावर १ मेगावॉट सांगून अर्धाच आला, तर हाच हिशेब १ टक्का आणि १०० टक्के असा होतो.

सरासरीतही फरक पडतो. चार ब्लॉकमध्ये प्रत्येकी ४ मेगावॉटची चूक, किंवा तीन अचूक आणि एकात १६ ची. साधी सरासरी दोन्हीकडे ४ च. चुकांचे वर्ग करून सरासरी काढली आणि तिचं वर्गमूळ घेतलं, तर दुसरीकडे ८ येतात. ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, धक्का बसतो तो या १६ चा, म्हणून मला हे माप जास्त प्रामाणिक वाटतं.

पण तेही एके ठिकाणी अन्याय करतं. एका अंदाजाने ढग बरोबर ओळखला, फक्त अर्धा तास उशिरा दाखवला. त्याला दोनदा दंड बसतो: ढग आला तेव्हा एकदा, आणि नसताना दाखवला तेव्हा पुन्हा. ढगाचा उल्लेखच न करणारा गुळगुळीत अंदाज त्याच्यापेक्षा सरस ठरतो! म्हणून आता एका आकड्याऐवजी पट्टा देतात: ‘साडेअकराच्या ब्लॉकमध्ये २० ते ४१ मेगावॉट, खात्री ८० टक्के’. अशा शंभर पट्ट्यांपैकी साधारण ८० मध्ये खरी निर्मिती सापडली पाहिजे. सत्त्याण्णवमध्ये सापडली, तर पट्टे उगाच रुंद ठेवले आहेत.