लाटणारा कोण, भाजणारा कोण?

"मामा, शनिवारी लॅमिंग्टन रोडला येशील का? ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय." भाच्याचा फोन. मी म्हटलं, शनिवारी मीच डोंबिवलीला येतो, तू फक्त स्क्रू-ड्रायव्हर शोधून ठेव. तो हिरमुसला. दुकानात जायची घाई सगळ्यांनाच असते. (मुंबईतल्या संगणक-बाजाराच्या त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण 'भडकमकर मार्गावर रॅम स्वस्त मिळते' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.)

त्याचा संगणक २०१४ सालचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे हिशोब करणारे चार कोअर. आठ जीबी रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, तीही एकाच पट्टीत. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड एच-८१ चिपसेटचा, आणि दोन जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. नवे गेम अडखळतात ही त्याची तक्रार, आणि दोष कार्डाचा हे त्याने ठरवूनच टाकलेलं.

पण गेममधलं चित्र एकटं कार्ड तयार करत नाही. घरात पोळ्या करताना एक जण लाटतो आणि दुसरा भाजतो, तसं हे काम दोघांत वाटलेलं असतं. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, गाडी वळली की आदळली याचा हिशोब प्रोसेसर करतो आणि 'आता हे हे काढ' अशी यादी कार्डाकडे सरकवतो. ही झाली लाटलेली पोळी. कार्ड त्या यादीवरून पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवतं. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर सेकंदाला सव्वाबारा कोटींहून जास्त ठिपके रंगवायचे, आणि एका चित्रासाठी हातात वेळ साधारण १६.७ मिलिसेकंद. म्हणून तर ७५० टीआयसारख्या जुन्या कार्डातही ६४० छोटे कोअर असतात. प्रोसेसरच्या कोअरइतका हुशार त्यातला एकही नसतो, पण सगळे मिळून एकच सोपं काम एकाच वेळी करतात.

आता लाटणारा संथ असेल तर तवा कितीही मोठा आणा, पोळ्या त्याच वेगाने होणार. म्हणून खरेदीआधी अडतंय कोण ते बघायचं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन फुल एचडीवरून १२८० गुणिले ७२० वर आणायचं. ठिपके निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डाचं ओझं उतरतं. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. (पोळी लहान केली की लाटायलाही वेळ कमी लागतो, तेव्हा उपमा इथे थोडी फाटते.) फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) चांगला वाढला तर अडसर कार्डाचा. ढिम्म हलला नाही तर प्रोसेसरचा, नाहीतर रॅमचा.

भाच्याकडे दोन गेम लावून बघितले. गाड्यांच्या शर्यतीत फ्रेम रेट जवळपास दुप्पट झाला. गर्दीच्या शहरातल्या दुसऱ्या गेममध्ये फरक नावापुरता. म्हणजे एका गेममध्ये तो खरा आणि दुसऱ्यात मी. दोघंही खूष.

मग पेटी उघडली. (सीपीयू म्हणजे खरं तर प्रोसेसर, पण त्याची आजी या पेटीलाच सीपीयू म्हणते, आणि निम्मी मुंबईही.) पंख्याच्या पात्यांवर धुळीचा असा थर, की नखाने उचलला तर सबंध पापुद्रा निघाला. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. त्यामुळे मे महिन्यात खोली आठ अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच जास्त तापते, आणि ठरावीक तापमानापुढे ती आपला वेग आपणच कमी करते. त्यात धूळ म्हणजे पंख्याने गोधडी पांघरल्यासारखं. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसल्या. इथल्या दमट हवेत हा उपाय दुरुस्तीवाले उगाच करत नाहीत.

खरी गंमत एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, लेबलवर होती. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात, तेव्हा खरा आकडा हा धरायचा. प्रोसेसरचे ८४ वजा केले, बोर्ड, डिस्क, पंखे यांचे चाळीसेक धरले, तर कार्डासाठी उरतात नव्वदच्या आसपास. एसएमपीएसही म्हातारा झालेला. १३२ वॅटचं आरएक्स ६६०० किंवा १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० तिथेच यादीतून कटलं. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: सहा पिनांची ७५ वॅटची, आठ पिनांची १५० ची. भाच्याच्या एसएमपीएसला दोन्हींतली एकही नव्हती.

एच-८१ चा स्लॉट लांबीला पूर्ण, पण पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या दुसऱ्या आवृत्तीचा. सोळा लेन (माल नेणाऱ्या वाटा) वापरणाऱ्या कार्डाला तिथे सेकंदाला साधारण आठ जीबी माल नेता येतो, आठ लेनच्या कार्डाला चार. २०२२ साली आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला लेन चारच, म्हणजे दोन जीबी. त्यात त्याची स्वतःची मेमरीही चार जीबीच. मेमरी भरली की गेमची टेक्स्चर (भिंती, रस्ते, कपडे यांवर चढवायची चित्रं) संगणकाच्या रॅममधून याच चिंचोळ्या वाटेने आणावी लागतात, आणि नेमक्या मारामारीच्या वेळी चित्र गचके खातं. नव्या बोर्डवर ठीक चालणारं कार्ड जुन्यावर का रडतं, ते हे असं. इंटेलची आर्क कार्डंही त्याला नको म्हटलं. त्यांना रिसायझेबल बार नावाची, कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय लागते, आणि इंटेल स्वतःच त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवतं.

उरलं काय? सहा जीबीचं आरटीएक्स ३०५०. वीज ७० वॅट, बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, कोअर २३०४. मात्र याच नावाचं आठ जीबीचं भावंडही बाजारात आहे. त्याला १३० वॅट लागतात आणि कोअरही जास्त. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देणाऱ्यांना काय म्हणावं! खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढं त्याला बजावलं. सोबत रॅमची दुसरी पट्टी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी वाचतो आणि वेग सेकंदाला १२.८ वरून २५.६ जीबीवर जातो. ही डीडीआर-थ्री पट्टी जुन्या बाजारात किरकोळ पैशांत मिळते.

कार्डही सेकंड हँड घेऊ का, हा प्रश्न आलाच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांना हिशोबाला जुंपून नाणी कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली. तशी कार्डं वाईटच असतात असं नाही. झिजतात ते पंखे, सुकते ती चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट. मी स्वतः एकदा सात दिवसांच्या 'टेस्टिंग वॉरंटी'वर एक कार्ड आणलं होतं. दुकानात पाच मिनिटं छान चाललं. घरी विसाव्या मिनिटाला पडद्यावर हिरव्या रेघा. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: "तुमच्या एसएमपीएसचा प्रॉब्लेम असेल." तेव्हापासून माझा नियम असा की अर्धा तास समोर गेम चालवून दाखवणार असाल तर बोला. शिवाय १०५० टीआय, १०६० वगैरे स्वस्त दिसणाऱ्या कार्डांसाठी ती बनवणाऱ्या एनव्हिडियाने नवे गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय.

शेवटी नवंच घेतलं. घ्यायच्या आधी फूटपट्टीने पेटीतली जागा मोजली, कारण हार्ड डिस्कच्या खणाला आपटणारी कार्डं मी पाहिली आहेत. मॉनिटरच्या मागेही डोकावलो. त्याला फक्त जुना व्हीजीए पोर्ट असता तर वेगळा कन्व्हर्टर लागला असता, पण एचडीएमआय होता.

रात्री साडेअकराला पुन्हा फोन. "मामा, कार्ड मेलेलं निघालं. पंखा फिरतोय, पण मॉनिटर नो सिग्नल म्हणतोय."

"केबल कुठे लावलीस?"

"वर... कीबोर्डच्या वायरीशेजारी."

"ती मदरबोर्डची जागा. खाली कार्डाला लाव."

थोडी खुडबुड ऐकू आली. मग फोन न ठेवताच तो गेममध्ये गेला.