स्वतःचे नियम (सँडबॉक्स व्हिडिओ गेम)

सँडबॉक्स प्रकारच्या, म्हणजे ठरावीक वाट न आखता खेळाडूला मोकळीक देणाऱ्या, व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने आपणहून स्वतःवर घालून घेतलेली बंधने. ती गेमच्या प्रणालीत कुठेही नोंदलेली नसतात आणि मोडली तरी गेम अडवत नाही. खेळाडू अशा खेळाला ‘चॅलेंज’ किंवा ‘चॅलेंज रन’ म्हणतात.

माइनक्राफ्ट किंवा टेरारियासारख्या गेममध्ये काय करायचे हे बहुतांशी खेळाडूच ठरवतो. सुरुवातीचे तास टंचाईचे असतात : अन्न तुटपुंजे, हत्यार लाकडी, रात्र काढायला आडोसा नाही. पुढे साठा वाढतो आणि धाक ओसरतो. त्यातच एखादी सोपी वाट सापडली की खेळाडू तीच धरतो, मग गेमचा मोठा भाग न वापरता पडून राहतो. नियम नेमकी ती वाट बंद करतो. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये खेळाची जी व्याख्या मांडली, तिचा सारांश असा की, गरज नसलेले अडथळे स्वखुशीने पार करणे म्हणजे खेळणे. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन खळग्यात टाकणे सर्वांत सोपे, पण तसे कोणी करत नाही.

माइनक्राफ्टमध्ये ‘खाणकाम करायचे नाही’ एवढा एकच नियम घेतला तरी खेळाची घडी बदलते. एरवी जमिनीखालून मिळणारे लोखंड आता गावातल्या पेट्यांमधून किंवा गावाचे रक्षण करणारा लोहपुतळा पाडून मिळवावे लागते. हिऱ्याची अवजारे हवी असतील तर अवजारे घडवणाऱ्या गावकऱ्याशी व्यापार करावा लागतो, त्यासाठी पाचू लागतात, आणि पाचू मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे शेतकऱ्याला गहू विकणे. एरवी ओलांडून पुढे जायचे ते गाव अशा खेळाचे केंद्र बनते. ‘पलंगावर झोपायचे नाही’ हा नियमही असाच फळतो. रात्र टाळता येत नाही, आणि २०१८ पासून गेममधले तीन दिवस न झोपलेल्या खेळाडूवर आकाशातून फँटम नावाचे प्राणी झडप घालतात.

सर्वांत प्रसिद्ध नियमावली मात्र सँडबॉक्सबाहेरची आहे. पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवण्याच्या गेमसाठी २०१० मध्ये एका वेबकॉमिकमधून (इंटरनेटवरच्या चित्रकथेतून) पुढे आलेल्या ‘नझलॉक’मध्ये बेशुद्ध पडलेला पोकेमॉन मेला असे मानायचे आणि प्रत्येक भागात पहिला भेटेल तोच पकडायचा. त्यामुळे एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेले दुबळे पोकेमॉन संघात येतात, आणि त्यातला एखादा गमावला की खरेच वाईट वाटते. माणसांचे घर-संसार चालवण्याच्या द सिम्स २ या गेमच्या खेळाडूंनी रूढ केलेल्या ‘लेगसी चॅलेंज’मध्ये मोकळ्या जमिनीवर एका व्यक्तीपासून सुरुवात करून घराणे दहा पिढ्या चालवायचे असते.

प्रत्येक बंदी मात्र उपयोगी नसते. ‘धावायचे नाही’ या नियमाने बहुधा वेळच जातो, कारण त्यातून नवे काही करावे लागत नाही. बंद वाटेच्या जागी दुसरी वाट शोधावी लागत असेल तोच नियम घेण्याजोगा. तो आधीच लिहून ठेवणे फार महत्त्वाचे असते. मरण्याची वेळ आली की जुन्या सेव्हकडे, म्हणजे आधी जतन केलेल्या टप्प्याकडे, परतण्याचा मोह होतो, आणि नियम तोंडीच असेल तर त्याला त्या क्षणी पळवाट सापडते.

काही बंधने निर्मात्यांनीच गेममध्ये दिली आहेत. माइनक्राफ्टच्या हार्डकोर प्रकारात मेल्यावर त्या जगात पुन्हा जिवंत होऊन खेळता येत नाही. कारखाने उभारण्याच्या फॅक्टोरिओ या गेममध्ये हाताने १११ पेक्षा जास्त वस्तू न बनवता रॉकेट सोडल्यास ‘लेझी बास्टर्ड’ हा किताब मिळतो. पहिली यंत्रे उभी करण्यापुरते हातकाम त्यात बसते, पुढचे सगळे यंत्रांवर सोपवावे लागते.