चाकरमानी ते कोकणवासीय : नोकरीतला माणूस आणि घरचा माणूस

नोकरीतला माणूस आणि घरचा माणूस वेगळे असू नयेत, कामावर जाताना स्वतःला दाराबाहेर ठेवून जावे लागू नये, ही अपेक्षा मुंबईतल्या कार्यालयांत आता उघडपणे बोलली जाते. ती नव्याने सुचलेली नाही. कुंभार, माळी, शिंपी असलेल्या संतांनी आपापल्या व्यवसायाच्याच शब्दांत अभंग रचले. पण त्यांचे काम घराशी, गावाशी जोडलेले होते. 1854 मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि मुंबईत कामाची जागा घरापासून तुटली.

तरीही गिरणगावात हे अंतर पायी चालण्याइतकेच होते. लालबाग-परळच्या चाळींत भोंगा ऐकू येई, एकाच खोलीत पाळीप्रमाणे माणसे झोपत, खानावळीत शेजारच्या पाटावर गाववालाच जेवायला बसलेला असे आणि दिवसभर साच्यावर उभा असलेला कामगार रात्री भजनात किंवा नाटकाच्या तालमीत दिसे. या आठवणी रम्य वाटल्या तरी साधी साप्ताहिक सुट्टी मिळायलाही 1884 पासून मागणी करावी लागली आणि ती 1890 मध्ये मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, असे कारण त्या वेळी दिले गेल्याचे सांगतात. कामगाराने आपले दैवत कामाच्या वेळापत्रकात आणले, म्हणून ही घटना मला या विषयात कायद्याच्या कलमांहून महत्त्वाची वाटते.

या सगळ्या काळाचा गुंता 'चाकरमानी' या एका शब्दात साठला आहे. कोकणातून मुंबईला येऊन नोकरी करणारा, मनीऑर्डर पाठवणारा आणि गणपती-शिमग्याला गावी जाणारा, तो चाकरमानी. मुंबईत त्याची ओळख गावावरून होती, तो गावकरी मंडळाचा सभासद असे. गावात मात्र त्याची ओळख मुंबईतल्या नोकरीवरून होई. दोन्हीकडे त्याचा उरलेला अर्धा भागच लोकांना दिसे. 'चाकर' हा मूळ फारसी शब्द, अर्थ नोकर. पुढच्या 'मानी'त काहींना मान दिसतो, तर काहींना पूर्ण शब्दातच हीनपणा वाटतो. याच कारणाने 2025 च्या गणेशोत्सवाआधी, कोकणातल्या संघटनांच्या मागणीवरून, शासकीय कामकाजात 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासीय' म्हणावे, असा निर्देश राज्य सरकारमधून देण्यात आला. ज्यांना तो शब्द बोचत होता त्यांची भावना खरी आहे. तरीही हा निर्णय मला अपुरा वाटतो. जो वर्षातले अकरा महिने डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात काढतो त्याला 'वासीय' म्हटल्याने त्याची नोकरी, त्याची खोली आणि त्याचा रोजचा प्रवास शब्दातून गळून पडतो. शिवाय महसुली हिशेबाने मुंबईही कोकण विभागातच मोडते, तेव्हा नवा शब्द नेमका कोणाला वेगळा काढतो, हेही स्पष्ट होत नाही. जुन्या शब्दात कमीपणा असेल, पण त्या माणसाचे कष्ट त्यात दिसत होते.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, असंख्य कुटुंबे विरार, बदलापूरकडे सरकली आणि पायी चालण्याचे अंतर दीड-दोन तासांच्या लोकल प्रवासाचे झाले. घर आणि काम यांच्यामधली जागा तेव्हापासून रेल्वेचा डबा आहे. संध्याकाळच्या महिला डब्यात एखादी बाई गळ्यातले ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवते, मांडीवर पिशवी पसरते आणि उतरण्याआधी पाव किलो गवार निवडून संपवते. तिच्यासाठी दोन भूमिकांची सांधेजोड ती एवढीच, आणि तीही बसायला जागा मिळाली तर.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबली आणि काम उलट्या दिशेने घरात आले. बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत मुलाची शाळा, सासूबाईंचे पथ्यपाणी आणि वरिष्ठांची बैठक एकाच भिंतीला टेकून चालली. एकात्म जगण्याची भाषा याच काळात जोरात पसरली, पण घरात काम शिरले तितक्या सहजपणे कामात घर शिरले नाही. रजेचा अर्ज पूर्वीइतकाच अवघड राहिला. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक राज्यातल्याच एका खासदाराने 2018 च्या अखेरीस लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. 'चाकरमानी' शब्द ज्या गणेशोत्सवाच्या तोंडावर बदलला, त्याच गणेशोत्सवात, 3 सप्टेंबर 2025 रोजी, राज्य मंत्रिमंडळाने खासगी दुकाने व आस्थापनांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली.